वास घेतल्याशिवाय बक्षीस नाही

मामा बसमधून कुत्री न्यायचे. पौडकडे जाणारी सकाळची बस, मागून तिसरं बाक, मांडीवर चेन लावलेली खाकी कापडाची मोठी पिशवी. आत काय आहे असं कंडक्टरने विचारलं की मामा शांतपणे सांगायचे, "पेटी." गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा सदरा, नाकावर घसरलेला चष्मा. माणूस भजनाला निघालाय असंच कोणालाही वाटावं. एकदा एका कंडक्टरने पिशवीकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि म्हणाला, "मामा, तुमची पेटी शेपूट हलवतीय."

"भाता आहे तो," मामा म्हणाले.

कंडक्टरने आमची दोन तिकिटं दिली आणि तो पुढे गेला. मी खिडकीबाहेर बघत हसू दाबत होतो. असे हसण्याचे दिवस पुष्कळ होते, हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे जे लिहायचं आहे त्यात ते येणार नाहीत.

मामा माझे नात्याने कोणी नव्हते. मी ज्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो तिथल्या प्रयोगशाळेत ते सहायक होते. आमच्याकडे प्रयोगशाळेतल्या माणसाला आणि शिपायाला सगळे मामाच म्हणतात. ते माझ्यापेक्षा बावीस वर्षांनी मोठे. मी त्यांना मामा म्हणायचो, ते मला सर म्हणायचे. मला जे काही जंगल कळतं ते त्यांच्यामुळे कळतं, पण 'सर' मी होतो.

वाळवून कागदावर चिकटवलेल्या वनस्पतीच्या खाली एक लेबल असतं. आमच्या विभागातली लेबलं मामा लिहायचे, टाकाने, काळ्या शाईत. वनस्पतीचं नाव, ठिकाण, तारीख आणि सगळ्यात खाली 'संकलक', म्हणजे ज्याने ती गोळा केली तो. कड्यावर चढून गोळा करायचे मामा आणि संकलक म्हणून नाव लिहायचे विभागप्रमुखांचं. अशी लेबलं कपाटं भरून आहेत. त्यांतल्या एकावरही मामांचं नाव नाही. मी एकदा विषय काढला तेव्हा म्हणाले, "अक्षर माझं आहे ना सर? ओळखणारा ओळखतो." ओळखणारा कोणी नव्हता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

त्यांचं वेड सुरू झालं ते मी कॉलेजात येण्याआधी. मुळशीच्या बाजूला एका गावाच्या वर देवराई आहे, देवासाठी राखलेलं, कुऱ्हाड न लागलेलं रान. तिथे मुलांची सहल गेली होती. पहाटे रानडुकराने एका झाडाखाली जमीन उकरलेली होती आणि त्या ताज्या मातीत मामांना एक गोळा मिळाला. लिंबाएवढा, बाहेरून काळपट खरबरीत. खिशातल्या चाकूने कापला तर आत संगमरवरासारख्या रेघा. आणि वास! तो वास मामांनी मला इतक्या वेळा सांगितला होता की मला तो घेतल्यासारखाच वाटायचा: फणसाच्या आठळ्या चुलीत भाजताना येतो तसा, आणि त्याच्या मागे किंचित रॉकेल. जमिनीखाली वाढणारी अळंबी. परदेशात जिला ट्रफल म्हणतात, त्या जातकुळीतली. आपल्या या डोंगरांत अशी कोणी नोंदवलेली नव्हती, निदान मामांनी वाचलं त्यात तरी नव्हती. आणि विभागाचं सगळं ग्रंथालय त्यांनी वाचलेलं होतं.

विभागप्रमुखांनी गोळा हातात घेऊन पाहिला. म्हणाले, "बटाटा असेल, मामा."

"देवराईत बटाटा कोण लावणार, सर?"

"मग रताळं."

गोळा एका बरणीत घालून फडताळावर ठेवला गेला. पुढे प्रयोगशाळेला रंग देताना ती बरणी कोणीतरी टाकून दिली. मामा त्या दिवशी रजेवर होते.

तेव्हापासून दर वर्षी, पाऊस ओसरला की नवरात्राच्या आगेमागे पंधरा दिवस, मामा त्या रानात जात राहिले. त्यांना तो गोळा पुन्हा हवा होता. ताजा, पक्का, अळंब्यांवर संशोधन करणाऱ्या संस्थेतल्या तज्ज्ञांनी नाकारू नये असा. आणि त्याच्या लेबलावर खाली स्वतःचं नाव हवं होतं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही कपाटाकडे तोंड करून.

जमिनीखालची गोष्ट डोळ्यांनी सापडत नाही. डुक्कर पाळणं कर्वेनगरातल्या सोसायटीत शक्य नव्हतं. मामींनी ती शक्यता मामांच्या मनात यायच्या आतच निकालात काढली होती. म्हणून कुत्री. पहिल्या कुत्र्याचं नाव ब्युरेट. तो रसायनशास्त्राच्या खोलीमागे सापडला होता. त्याला नाक होतं पण अक्कल नव्हती. सापडेल ते खायचा. त्याच्यामागून आली पिपेट. गावठी, लाल मातीच्या रंगाची, एक कान कायम पडलेला. शेजारच्या जोशीकाकू विचारायच्या, "काय शोधायला शिकवताय हो हिला?" मामा म्हणायचे, "ट्रफल." काकू म्हणायच्या, "अहो, मग एवढी यातायात कशाला? कोपऱ्यावरच्या बेकरीत मिळतात की."

कॉलेजच्या मागच्या मैदानाच्या कडेला निलगिरीची रांग आहे. त्या झाडांखाली पावसाळ्यात बोराएवढ्या गुलाबी अळंब्या धरतात, जमिनीच्या आत, बोटभर खाली. त्या काही दुर्मीळ नाहीत. झाडांबरोबर बाहेरून आलेल्या. मामा त्यांना 'बालवाडी' म्हणायचे. पिपेट तिथे शिकली. रीत अशी: कुत्रीने जागा दाखवायची. खरी जागा असली की ती उकरायची नाही. उजवा पाय अलगद मातीवर ठेवायची, मान खाली घालायची आणि मातीकडे बघत स्थिर उभी राहायची. मग मामा गुडघे टेकून खाली वाकायचे, चिमूटभर माती नाकाशी धरायचे, डोळे मिटायचे. वास आला की स्टीलच्या डबीतून उकडलेल्या अंड्याचा एक तुकडा तिला द्यायचे आणि माती परत दाबून टाकायचे. अळंबी बाहेर काढायची नाही. "बालवाडी रोज उपटली तर उद्या शिकवायला काय उरेल?"

आणि वास आला नाही तर बक्षीस नाही. कितीही शेपूट हलवू दे. या बाबतीत मामा निर्दय होते. एकदा मला तिची दया आली आणि मी डबीला हात लावला, तर त्यांनी माझं मनगट धरलं. एवढ्या वर्षांत त्यांनी मला केलेला तो एकच स्पर्श असावा. म्हणाले, "सर, माणसाला खोटं शिकवलं तर तो कधीतरी लाजेने तरी सुधारतो. हिला लाज नाही. ही एकदा शिकली की संपलं. मातीचा वास घेतल्याशिवाय बक्षीस नाही."

माझ्यावर त्यांचा विश्वास बसला तो नाकामुळे. मी नोकरीला लागलो त्या पहिल्या आठवड्यात त्यांनी माझ्यापुढे तीन बशांत माती ठेवली. "सर, यात वेगळी कुठली?" नवीन अध्यापकांची अशी परीक्षा ते घेत आणि सगळे हसून निघून जात, हे मला नंतर कळलं. मी मात्र वाकलो. म्हणालो, "तिसरी. ओल्या गोणपाटासारखा वास आहे, आणि खाली कुठेतरी जुना लसूण." मामांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तुमचं नाक खरं आहे, सर."

मला आयुष्यात पदव्या मिळाल्या, सत्कार झाले. हे वाक्य त्या सगळ्यांच्या वर होतं. म्हणूनच पुढचं झालं.

देवराईत जायला गावाची परवानगी लागे. तिथला पुजारी, गुरव, मामांच्याच वयाचा. तोवर मामा एकटे नुसतं बघून येत; पिपेटला घेऊन आम्ही उकरायला गेलो त्या पहिल्या वर्षी त्याने आम्हाला कडेलाच थांबवलं. "हितनं काडी बी न्यायची न्हाई. देवाचं हाय."

मामा म्हणाले, "काडी नको. एक गोळा पाहिजे. लिंबाएवढा."

"एकच?"

"एकच. आणि उकरलेलं बुजवून जाईन."

गुरवाने देवाला कौल लावला. कौल मिळाला. दर वर्षी एक गोळा, असा करार ठरला. मामा राईच्या कडेला चपला काढायचे आणि पिपेटचे पायही ओल्या फडक्याने पुसायचे. मामांच्या घरी पुढच्या खोलीत बुद्धाची मूर्ती आणि तिच्यापुढे मेणबत्ती. देव-कौल यांवर त्यांची मतं मला ठाऊक होती. मी एकदा चिडवलं, "मामा, तुम्ही तर देव मानत नाही."

"देव नाही मानत. राई मानतो."

दोन-तीन वर्षं काही सापडलं नाही. मग एका वर्षी दसऱ्यानंतर पिपेटने एका जुन्या झाडाच्या मुळाशी उजवा पाय ठेवला. मामा वाकले आणि बराच वेळ वर उठलेच नाहीत. मला वाटलं चक्कर आली. जवळ गेलो तर रडत होते. "सर, आठळ्या," एवढंच म्हणाले. उकरलं तर गोळा होता, पण उशीर झाला होता. सडून त्याचा लगदा झालेला, बोट लावताच फुटला. तपासणीला पाठवण्याजोगं त्यात काही उरलं नव्हतं. परतताना बसमध्ये मामांनी विचारलं, "संकलक म्हणून कुत्रीचं नाव लिहिता येतं का हो, सर?" मी म्हणालो, "नियमात बसणार नाही." ते म्हणाले, "मग माझंच लिहावं लागेल." आणि खिडकीबाहेर बघून हसले. पुढच्या वर्षी आठ दिवस लवकर यायचं, असं ठरलं.

पुढच्या वर्षी साथ आली. सगळं बंद. त्याच साथीत मला ताप आला, आठ दिवसांत उतरला आणि जाताना माझं नाक घेऊन गेला. सगळ्यांचा वास महिन्या-दोन महिन्यांत परत आला. माझा आला नाही. दूध उतू जाऊन करपलं तरी मला कळायचं नाही. बायको म्हणाली, "मामांना सांगून टाका, ते काहीतरी उपाय सांगतील." मी हो म्हणालो.

सांगितलं नाही. मी रोज ठरवायचो, आणि रोज ते वाक्य आठवायचं: तुमचं नाक खरं आहे, सर. ते परत घेतलं गेलं असतं तर त्यांच्या लेखी मी बाकीच्या सरांसारखा एक सर उरलो असतो. बंदी उठल्यावरचे दोन हंगाम कोरडे गेले. मामा स्वतः वाकत होते, स्वतः वास घेत होते, आणि मी मागे पिशवी धरून उभा असे. लपवणं अवघड नव्हतं.

मग एका आषाढात मामा जिन्यात घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली. दीड-दोन महिने अंथरूण. पावसाळा म्हणजे पिपेटच्या सरावाचे दिवस. ते चुकले तर नवरात्रात ती बिनकामाची. दवाखान्यातल्या खाटेवरून मामांनी मला स्टीलची डबी दिली. "दुसऱ्या कोणाला देऊ शकत नाही, सर. वाकून खरं सांगणारा माणूस लागतो."

सांगायची वेळ होती ती हीच. मामी खाटेच्या पायथ्याशी मोसंबं सोलत बसल्या होत्या. मी डबी घेतली.

पहिले काही दिवस सगळं ठीक वाटलं. सकाळी साडेसहाला मी पिपेटला निलगिरीखाली न्यायचो. ती पाय ठेवायची, मी वाकायचो, चिमूट नाकाशी धरायचो, डोळे मिटायचो. काहीच यायचं नाही. पण कुत्री प्रामाणिक होती, म्हणून मी तिच्यावर भरवसा ठेवून अंडं द्यायचो. तिला माझ्या नाकाने तपासायचं, तर मी माझं नाक तिच्यावर सोपवलं. मग एक दिवस तिने पाय न ठेवता जमीन खरवडली. खारीने पुरलेली बी असेल, उंदराचं बीळ असेल. मला कळेना, आणि बालवाडी उकरायची नाही हा मामांचा नियम. नाही म्हणावं तर तिचा खरा शोध बुडायचा. मी अंडं दिलं. दुसऱ्या दिवशी तिने तीनदा खरवडलं. आठचं लेक्चर होतं, पाऊस होता, मी तीनदा वाकलो आणि तीनदा दिलं. महिना संपता संपता ती मातीकडे बघेनाशी झाली. खरवडायची आणि माझ्या खिशाकडे बघायची, जिथे डबी असे. मी हे पाहत होतो. वनस्पतिशास्त्राचा अध्यापक आहे, निरीक्षण हा माझा धंदा आहे. मला दिसत होतं.

संध्याकाळी मामांकडे गेलो की ते उशीवरून मान उचलायचे. "आज किती?"

"सात, मामा."

"सात!" त्यांचा चेहरा उजळायचा. "यंदा धरलंय बरं का. बालवाडीत सात, म्हणजे राईत नक्की."

त्या सातांच्या जोरावरच त्यांनी ठरवलं की यंदा संस्थेच्या तज्ज्ञांना सोबत बोलवायचं, म्हणजे गोळा निघाल्या निघाल्या त्यांच्या हातात पडेल. इतकी वर्षं हे धाडस त्यांनी केलं नव्हतं. ईमेल मीच लिहिली. मामा शब्द न् शब्द सांगत होते आणि मी टंकत होतो: आमची कुत्री विश्वासार्ह आहे.

नवरात्रातल्या चौथ्या दिवशी आम्ही गेलो. या वेळी बस नाही. संस्थेच्या मॅडम गाडी घेऊन आल्या होत्या. चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या, अवजारांची पेटी नीट लावलेल्या. मामांना वाकता येत नव्हतं. काठी टेकत ते राईत आले आणि घडीच्या स्टुलावर बसले. नवा सदरा घातला होता. गुरव एका झाडाला टेकून उभा होता.

पिपेटने पहिल्याच झाडाखाली खरवडलं आणि माझ्या खिशाकडे पाहिलं.

मी चिमूटभर माती मामांच्या नाकाशी नेली. त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ. "मला येत नाहीये," ते हळूच म्हणाले. "वर आणेपर्यंत उडून जात असेल. सर, तुम्ही खाली वाकून बघा."

मी वाकलो. ओली पानं दिसत होती, एक लाल किडा चालला होता. वास नव्हता. तापापासून कशालाच वास नव्हता. माझ्या पाठीमागे मामा काठीवर दोन्ही हात ठेवून वाट बघत होते.

"येतोय, मामा," मी म्हणालो. "थोडा येतोय."

मॅडमही वाकल्या. "मला नुसती माती वाटतेय. पण मला कुठला वास शोधायचा तेच माहीत नाही म्हणा."

"सरांचं नाक खरं आहे," मामा त्यांना म्हणाले.

उकरलं. काही नव्हतं. दुसरं झाड. तिसरं. प्रत्येक वेळी मामांना येत नव्हता आणि मला येत होता. एकदा हो म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं ते मला सुचत नव्हतं, आणि आत कुठेतरी अशी मूर्ख आशा होती की एखाद्या खड्ड्यात तो असेलच, एक गोळा सगळं झाकून टाकेल. सातव्या खड्ड्याशी मामांनी पिपेटकडे नीट पाहिलं. ती जमिनीकडे बघत नव्हती. तिच्या नजरेमागून त्यांची नजर माझ्यापर्यंत आली, माझ्या खिशापर्यंत. मग म्हणाले, "बास करा."

मॅडम चांगल्या होत्या. हात पुसत म्हणाल्या, "होतं असं. पुढच्या वर्षी काही सापडलं तर कळवा." पण गाडीकडे जाताना त्या मला हळूच म्हणाल्या, "सर, तुम्ही तरी आधी खात्री करून घ्यायची होती."

गुरव पुढे आला. खड्ड्यांकडे बघत राहिला. "मामा, देवाच्या अंगावर सात भोकं पाडलीत तुमी. एक म्हनला हुतात."

"बुजवतो," मामा म्हणाले.

"ते म्या बुजवीन. आता यायचं न्हाई."

मामांनी काठी जवळ ओढली. स्टुलावरून उठायला त्यांना मी हात दिला. राईच्या कडेला मी त्यांच्या पायात चपला सरकवल्या तेव्हा ते म्हणाले, "नाक गेलं, सर माझं. गोळे डुकरांनी आधीच नेले असतील; मागे राहिलेला वास तुम्हाला येत होता आणि मला येत नव्हता. इतकी वर्षं गुर्मी होती." आणि मी, पन्नाशीचा माणूस, त्यांच्या पायाशी बसलेला, गप्प राहिलो. खड्डे पाडण्याचं पाप एक वेळ भित्रेपणाच्या खात्यात घालता येईल. या गप्प राहण्याला मी आजवर नाव शोधतोय.

त्यानंतर मामांनी त्या रानाचं नाव काढलं नाही. घरात बसून राहायचे. जेवताना प्रत्येक पदार्थ नाकाशी नेऊन बघायचे आणि खाली ठेवायचे. येत असलेल्या वासावरही त्यांचा भरवसा उरला नव्हता. मामी म्हणायच्या, "अहो, जेवा. आमटीला काय सर्टिफिकेट पाहिजे?"

संक्रांतीनंतर एकदा गेलो तर मामींनी मला खीर दिली. मी वाटी संपवून म्हणालो, "छान झालीय." मामी माझ्याकडे बघत राहिल्या आणि वाटी घेऊन आत गेल्या. नंतर कळलं, खीर बुडाला लागून करपली होती. घरभर वास होता. काय करपलं असं मी दारातच विचारलं नाही, म्हणून त्यांनी मुद्दाम वाटी पुढे केली होती.

दुसऱ्या आठवड्यात मामांनी स्वतःच निरोप पाठवून बोलावलं. खुर्चीत बसले होते. पायाशी पिपेट. हातात एक डबी, तोंडाला कापड बांधलेली. "सर, हे जरा बघा. कुठली माती आहे?"

मी डबी नाकाशी धरली. डोळे मिटले. इतक्या दिवसांच्या सवयीने चेहरा आपोआप तसा झाला. म्हणालो, "राईची वाटते, मामा. ओलसर आहे."

मामांनी डबी परत घेतली. कापड सोडलं. आत पिवळसर खडे होते.

"हिंग आहे, सर."

आतल्या खोलीत मामींच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

"कधीपासून?" मामांनी विचारलं.

"साथीतल्या तापापासून."

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं. मी सगळं सांगितलं. खारीची बी, आठचं लेक्चर, रोजचे सात. ते ऐकत होते. मी थांबलो तेव्हा त्यांनी हिंगाची डबी उघडून एक दीर्घ श्वास घेतला, आणि राईतल्या त्या दिवसानंतर प्रथमच मी त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पाहिलं.

"म्हणजे माझं नाक शाबूत आहे," ते म्हणाले.

मी मान खाली घातली.

"मला सांगायचं होतंत, सर. मी हिला पाठवलं असतं," त्यांनी आतल्या खोलीकडे मान वळवली. "हिचं नाक माझ्याहून चांगलं आहे. वाकली असती की. आमच्यासाठी एवढं वाकली असती." मग पिपेटच्या पडलेल्या कानावर हात ठेवून म्हणाले, "हिला बोलू नका. हिला जे शिकवलं ते ती शिकली."

मला काय काय बोलायचं होतं. ते म्हणाले, "चहा घेऊन जा." त्या दिवसानंतरही त्यांनी मला सर म्हणणं सोडलं नाही, ही शिक्षा त्यांना सुचली असेल असं मी म्हणत नाही, तो त्यांचा स्वभाव होता. पण मला ती शिक्षा झाली.

वैशाखात मामा गेले. झोपेत. तेराव्याचं वगैरे त्यांच्याकडे नव्हतं. पुण्यानुमोदनाला मी गेलो, मागे बसलो. सगळे गेल्यावर मामींनी मला एक पाकीट दिलं. आत एक लेबल होतं, टाकाने लिहिलेलं. ठिकाण लिहिलेलं, झाड लिहिलेलं. अळंबीच्या नावाची जागा रिकामी, तारखेची जागा रिकामी. खाली 'संकलक', आणि त्यापुढे मामांचं पूर्ण नाव. शाई थोडी जुनी दिसत होती. ते नाव मी इथे लिहीत नाही. ते कुठे लिहिलं जायला हवं होतं ते मला माहीत आहे, आणि तिथे ते माझ्यामुळे नाही.

पिपेट दारात उभी होती. मामी म्हणाल्या, "हिला घेऊन जा."

"मामी, तुम्हाला सोबत..."

"घेऊन जा. ती तुमचीच झालीय."

तिला आणून दोन वर्षं झाली. राईत जायची मला बंदी आहे आणि तोंडही नाही. रोज सकाळी आम्ही निलगिरीखाली जातो. ती खरवडते, माझ्या खिशाकडे बघते. खिशात डबी नसते. मी देत नाही. ती पुढच्या झाडाशी जाते, पुन्हा खरवडते, पुन्हा बघते. मामा म्हणाले होते तसंच आहे. वर्षाच्या तीनशे पासष्ट नकारांनी तिचं काही विसरलं गेलेलं नाही.

परवा मात्र, रात्रभर पाऊस होऊन गेला होता, ती रांगेतल्या शेवटच्या झाडाशी थांबली. खरवडलं नाही. उजवा पाय अलगद मातीवर ठेवला, मान खाली घातली आणि मातीकडे बघत उभी राहिली. किती वर्षांनी. मी धावत गेलो, गुडघे टेकले, चिमूट उचलून नाकाशी धरली. काही नाही.

फिरायला आलेल्या एक बाई जवळून चालल्या होत्या. मी म्हणालो, "ताई, जरा या मातीचा वास घेऊन सांगता का?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, चिखल लागलेल्या गुडघ्यांकडे पाहिलं. "मातीला मातीचाच वास येणार, काका. अत्तराचा यायचा का?" म्हणाल्या आणि चालत्या झाल्या.

बोटांनी उकरून बघता आलं असतं. बोटभर तर खोल. पण सात खड्ड्यांनंतर माझी बोटं मातीत शिरत नाहीत. आत अळंबी नसती, तर पिपेट खोटं बोलली असं ठरलं असतं. आत असती, तर द्यायला खिशात डबी नव्हती.

मी चिमूट तशीच धरून बसलो. पिपेट हलली नाही. मातीकडे बघत ती वाट पाहत राहिली, पाच मिनिटं असेल, दहा असेल. मग हळूहळू तिची मान वर आली, वळली, आणि तिने माझ्या खिशाकडे पाहिलं.